संकल्पाला मुदत असावी

ज्याचे हृदय आधीच दुबळे झाले आहे, ज्याच्या अंगात वीस-पंचवीस वर्षांचा मधुमेह मुरलेला आहे, अर्धांगाच्या झटक्याने ज्याची एक बाजू लुळी पडली आहे, अशा वृद्धाची मूत्रपिंडेही निकामी झाली असता त्याला डायलिसिसच्या यंत्रावर घ्यावे की न घ्यावे, हा प्रश्न आज महाराष्ट्रात जिल्ह्याच्याच नव्हे, तर तालुक्याच्या गावीही कोणत्या ना कोणत्या कुटुंबापुढे रोज येऊन उभा राहतो. आणि तो बहुधा अशा वेळी येतो, की विचार करावयास ना उसंत असते ना मन थाऱ्यावर असते. डॉक्टर म्हणतात, "क्रिएटिनिन नऊवर गेलंय, डायलिसिस लागेल." मुलगा विचारतो, "नाही केलं तर?" त्यावर जे उत्तर मिळते त्यात वैद्यक किती, धर्म किती आणि लोकलज्जा किती, याचा निवाडा कोणी करीत नाही, दहा मिनिटांत संमतिपत्रावर सही होते आणि पुढची काही वर्षे, वा काही महिने, त्या सहीच्या हुकमतीखाली जातात. वरवर पाहता हा वैद्यांचा प्रश्न आहे; परंतु त्याच्या तळाशी जाऊन पाहिले तर आयुष्य कोणाचे, ते टिकविण्याचा प्रयत्न कोठवर कर्तव्य आणि कोठून पुढे केवळ हट्ट, प्रयत्न न करणे हे पातक की विवेक, हेच ते जुने प्रश्न तेथे आढळतात. त्यांना शास्त्रकारांनी आपापल्या काळी उत्तरे दिली आहेत. मात्र यंत्र समोर नव्हते, म्हणून ती उत्तरे आज जशीच्या तशी उपयोगी पडत नाहीत.

यंत्र काय करते हे आधी नीट पाहिले पाहिजे, कारण त्याच्याविषयीची भीती आणि त्याच्याविषयीची आशा या दोहोंचा उगम बहुतेकदा अज्ञानात असतो. आठवड्यातून तीनदा, आपल्याकडे पुष्कळदा दोनदाच, प्रत्येक वेळी चार तास रोगी खाटेवर पडून असतो. मनगटाशी किंवा कोपराशी शस्त्रक्रियेने रोहिणी आणि नीला यांचा जो सांधा केलेला असतो, ज्याला रोगीही आता सहजपणे फिस्च्युला म्हणतात, त्याच्यावर बोट ठेवले तर कातडीखाली रक्ताची एक बारीक थरथर अखंड जाणवते. जुना रोगी सकाळी उठल्याबरोबर प्रथम ती चाचपून पाहतो, कारण ती थांबली तर यंत्राकडे जाण्याची आपली वाट बंद झाली हे त्याला पक्के ठाऊक असते. त्या फुगलेल्या शिरेत दोन जाड सुया जातात. मिनिटाला पाव लिटर वा त्याहून थोडे अधिक रक्त एका नळीने बाहेर येते, हजारो केशाकार तंतूंतून गाळले जाते आणि दुसऱ्या नळीने शरीरात परत जाते. सुरुवातीला वजन होते, शेवटी पुन्हा वजन होते, आणि दोहोंमधला दोन-अडीच किलोंचा फरक म्हणजे अंगातून काढलेले पाणी. मूत्रपिंड जे काम अहोरात्र संथपणे करीत राहते ते चार तासांत उरकावयाचे असल्यामुळे दुबळ्या हृदयाच्या माणसाचा रक्तदाब मध्येच कोसळतो, पोटऱ्यांत गोळे येतात, सिस्टर धावत येऊन पायाकडची बाजू उंच करतात. घरी परतल्यावर तो दिवस आणि कधी कधी दुसरा दिवसही ग्लानीत जातो. तहान मात्र जात नाही. दिवसभराचे पाणी मोजून ठेवावे लागते, आणि चहाचा कपसुद्धा त्या हिशेबात धरावा लागतो.

यंत्र रक्तातील विष काढते आणि साचलेले पाणी काढते, एवढेच. हृदयाचे बळ ते वाढवीत नाही, मधुमेहाने गेलेली दृष्टी परत आणीत नाही, स्मृतिभ्रंश थांबवीत नाही. पस्तिशीतल्या, बाकी देह धडधाकट असलेल्या माणसाच्या बाबतीत ते यंत्र मृत्यूच्या दारातून त्याला मागे आणते. तो नोकरी करतो, संसार करतो, प्रत्यारोपणाची वाट पाहू शकतो. त्याच्या बाबतीत 'घ्यावे की न घ्यावे' हा प्रश्नच मुळात उद्भवू नये. प्रश्न आहे तो अनेक व्याधींनी एकाच वेळी घेरलेल्या माणसाचा, ज्याच्या मूत्रपिंडाची उणीव भरून काढली तरी उरलेल्या व्याधी आपला मार्ग सोडत नाहीत.

या यंत्राचा इतिहास शास्त्राचा जेवढा आहे तेवढाच नीतीचाही आहे. नेदरलंड्‌समधील कांपेन या लहान गावी, जर्मन अमलाखाली, १९४३ साली विलेम कोल्फ या तरुण डॉक्टराने लाकडी पट्ट्यांचा फिरता पिंप आणि त्याभोवती गुंडाळलेली सेलोफेनची नळी यांतून पहिले उपयोगी यंत्र उभे केले. पहिले कित्येक रोगी दगावले. १९४५ साली जी पहिली व्यक्ती खऱ्या अर्थाने वाचली ती ६७ वर्षांची एक स्त्री होती, आणि ती त्या वेळी नाझींची साथ केल्याच्या आरोपावरून बंदीत होती. गावाचा तिच्यावर रोष होता. कोल्फने तिची योग्यता तपासली नाही. ती मरणार होती आणि आपल्यापाशी उपाय आहे, एवढीच गोष्ट त्याने विचारात घेतली. पुढे १९६० साली अमेरिकेतील सिएटल येथे बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी टेफ्लॉनची नळी रोग्याच्या हातात कायम बसविण्याची युक्ती काढली आणि तोवर तात्पुरता असलेला उपचार वर्षानुवर्षे चालविता येऊ लागला. त्यांचा पहिला रोगी त्यानंतर अकरा वर्षे जगला. परंतु यंत्रे मोजकी आणि रोगी असंख्य, म्हणून १९६२ साली त्याच शहरात एक समिती नेमण्यात आली. एक वकील, एक धर्मोपदेशक, एक बँकवाला, एक गृहिणी, एक सरकारी अधिकारी, एक कामगार पुढारी आणि एक शल्यविशारद अशा सात जणांनी कोणाला यंत्र द्यावयाचे ते ठरवावे, अशी ती योजना होती; आणि वैद्यकीय चाळणीतून पार पडलेल्या रोग्यांचे विवाह, अपत्ये, मिळकत, शिक्षण, चर्चला जाणे-न जाणे या गोष्टी त्यांच्यापुढे येत असत. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात शाना अलेक्झांडर या लेखिकेने 'लाइफ' साप्ताहिकात ही हकीकत उघड केली तेव्हा अमेरिकेची सद्सद्विवेकबुद्धी हादरली, आणि आज जिला जैवनीती म्हणतात त्या विद्याशाखेच्या आरंभकाळातील एक प्रमुख घटना म्हणून तिचा उल्लेख होतो. अवघ्या सतरा वर्षांत कोल्फच्या न विचारण्यापासून समाज या विचारपुशीपर्यंत येऊन पोहोचला होता.

१९७२ साली अमेरिकेने कायदा करून मूत्रपिंडाच्या रोग्यांचा खर्च जवळजवळ सरसकट सरकारवर घेतला. निवड करण्याचे पातक टळले, हे फार चांगले झाले. पण त्याबरोबर विचार करण्याची सवयही गेली. जे सर्वांना देता येते ते सर्वांना दिलेच पाहिजे, अशी वहिवाट पडली. तिचे फळ २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसते. अमेरिकेतील शुश्रूषागृहांत राहणाऱ्या आणि डायलिसिस सुरू केलेल्या ३७०२ रोग्यांची त्यात पाहणी होती. वर्षाच्या आत त्यांपैकी ५८ टक्के मरण पावले. आणि उठणे, बसणे, स्वतःच्या हाताने जेवणे ही आधीची शक्ती वर्षअखेर ज्यांची टिकली ते केवळ १३ टक्के. इंग्लंडमधील २००७ सालच्या एका पाहणीतही असेच दिसून आले होते, की पंचाहत्तरीपुढील रोग्यांत डायलिसिसने एकंदरीत आयुष्य वाढते खरे, पण ज्यांना अनेक व्याधी, विशेषतः हृदयविकार, जडलेले असतात त्यांच्या बाबतीत तो लाभ जवळजवळ नाहीसा होतो. हे आकडे परदेशांतले आहेत आणि शुश्रूषागृहातला अमेरिकन वृद्ध म्हणजे घरच्या माजघरात नातवंडांच्या गलक्यात पडलेले आपले आजोबा नव्हेत. तरी त्यांतून एक गोष्ट कोठेही खरी ठरावी अशी निघते. काही माणसांच्या बाबतीत यंत्र आयुष्य वाढवीत नाही, उरलेले आयुष्य रुग्णालयात नेऊन ठेवते.

आमच्या प्राचीन वैद्यकाला हा भेद अपरिचित नव्हता. चरकाने व्याधींचे साध्य आणि असाध्य असे भाग पाडून असाध्याचेही पुन्हा दोन प्रकार सांगितले: एक याप्य, म्हणजे बरा न होणारा पण पथ्य आणि औषध चालू आहे तोवर आवरून धरता येणारा, आणि दुसरा प्रत्याख्येय, म्हणजे जेथे वैद्याने स्पष्ट नकार द्यावा असा. सुश्रुताने याप्य रोग्याला मोडकळीस आलेल्या घराची उपमा दिली आहे. नीट लावलेला टेकू असे घर सावरून धरतो, तद्वत उपचार त्या देहाला सावरून धरतो. डायलिसिस हा असा टेकू आहे, यापेक्षा त्याचे अचूक वर्णन मला अद्याप कोठे सापडलेले नाही. टेकू लावण्यात काही गैर नाही. तो कित्येक वर्षे घर राखतो. पण भिंतीच ढासळल्या असता टेकूंची संख्या वाढवून घर उभे राहत नाही, हे गवंड्याला कळते, तसे वैद्यालाही कळावे अशी त्या ग्रंथकारांची अपेक्षा होती; आणि असाध्याच्या मागे लागणाऱ्या वैद्याचे द्रव्य, विद्या आणि यश तिन्ही जातात, असा कठोर इशाराही चरकाने देऊन ठेवला आहे. याप्याचे प्रत्याख्येय केव्हा झाले हे सांगणे वैद्याचे काम. तथापि ते सांगून झाल्यावर काय करावयाचे हा निर्णय त्याच्या अखत्यारातला नाही.

येथे धर्माची पहिली हरकत येते, ती आत्मघाताची. यंत्र नाकारणे म्हणजे जीव देणेच नव्हे काय? या बाबतीत आमची परंपरा एकमुखी आहे असे जे समजतात त्यांनी महामहोपाध्याय पां. वा. काणे यांचा धर्मशास्त्राचा इतिहास उघडून पाहावा. आत्मघाताचा निषेध स्मृतींनी निःसंदिग्धपणे केला आहे. त्याच स्मृतींनी वानप्रस्थाला ईशान्य दिशेची वाट धरून जल आणि वायू यांवर राहत देह पडेपर्यंत चालत जाण्याची मुभाही दिली आहे. ज्याला शौचाचारही पाळता येत नाही आणि वैद्यांनी ज्याच्यावरचे हात काढून घेतले आहेत अशा अतिवृद्धाने देहत्याग केला तर तो दोषी नव्हे असेही वचन आहे. आणि पुढील काळच्या धर्मनिबंधकारांनी हेच महाप्रस्थान आणि वृद्धांचे भृगुपतन-अग्निपतन, म्हणजे कड्यावरून वा अग्नीत देह टाकणे, कलिवर्ज्यांच्या, म्हणजे कलियुगात निषिद्ध ठरविलेल्या आचारांच्या, यादीत घालून बंदही केले आहे. परवानगी देणारेही आपणच, ती काढून घेणारेही आपणच. काढून घेणाऱ्यांच्या मनात काय असावे याचा विचार केला तर मला असे वाटते, की पुण्य म्हणून दिलेली मुभा हळूहळू अपेक्षा होऊन बसते आणि मग वृद्धाला जिवंत राहण्याबद्दलच लाज वाटू लागते, हा धोका त्यांनी ओळखला असावा. ही दृष्टी आजही टाकाऊ नाही.

परंतु आपल्यापुढील प्रश्न त्या वर्गातला नाहीच. १९६६ च्या फेब्रुवारीत स्वातंत्र्यवीर सावरकरांनी अन्न, पाणी आणि औषध सोडून देह ठेवला. १९८२ च्या नोव्हेंबरात पवनारला विनोबांनी हृदयविकाराच्या झटक्यानंतर तेच केले आणि दिवाळीच्या दिवशी त्यांची प्राणज्योत मालवली. विचारांच्या दोन टोकांवर उभ्या असलेल्या या दोन महाराष्ट्रीय पुरुषांचा शेवट एकाच प्रकारे व्हावा, ही चिंतन करण्यासारखी गोष्ट आहे. जैनांचे सल्लेखना-व्रत याच जातीचे; २०१५ साली राजस्थानच्या उच्च न्यायालयाने ते गुन्हा ठरविले आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली, एवढा हा विषय आजही वादग्रस्त आहे. मात्र यंत्र नाकारणारा मूत्रपिंडाचा रोगी अन्न सोडत नाही, पाणी सोडत नाही, औषध सोडत नाही. तो भूक लागेल तेव्हा जेवतो, सूज उतरविणाऱ्या गोळ्या घेतो, रक्तदाब सांभाळतो. थोडेबहुत मूत्र होत असेल तर महिनेच्या महिने, क्वचित वर्षाहूनही अधिक, आपल्या घरात जगतो. मृत्यू त्याने बोलावलेला नाही. एक विशिष्ट भार आपल्याने पेलवणार नाही एवढेच तो सांगतो. प्रायोपवेशनाचे, म्हणजे अन्नपाणी सोडून देह ठेवण्याचे, समर्थन करू न शकणारा कर्मठ माणूसही या नकाराला आत्मघात म्हणू शकणार नाही, असे मला निश्चितपणे वाटते. याच धर्तीचा विवेक अन्य धर्मांनीही केला आहे. पोप बारावे पायस यांनी १९५७ साली भूलतज्ज्ञांपुढे केलेल्या भाषणात जीव राखण्यासाठी साधारण उपाय योजणे एवढेच बंधनकारक, असाधारण उपाय नव्हे, असा निर्वाळा दिला. गोव्यातल्या आणि वसईतल्या ख्रिस्ती कुटुंबांना तो आजही आधार देऊ शकेल.

दुसरी हरकत प्रारब्धाची. भोग भोगून संपवावयाचा असतो, तो मध्येच तोडू नये. या युक्तिवादाची अडचण अशी आहे, की तो दोन्ही बाजूंना सारखाच लागू पडतो. यंत्र न घेणे हा जर प्रारब्धात हस्तक्षेप असेल तर यंत्र घेणे हा त्याहून मोठा हस्तक्षेप नव्हे काय? देवाने श्वास मोजून दिलेले आहेत असे म्हणणारा माणूस डायलिसिसच्या पलंगावरून तेच म्हणू शकतो आणि घरच्या अंथरुणावरूनही तेच म्हणू शकतो. जे तत्त्व कोणत्याही निर्णयाला सारखेच पाठबळ देते त्याच्या आधारे निर्णय होत नाही.

तिसरी हरकत शास्त्रातली नाही, लोकांच्या तोंडची आहे, आणि माझ्या मते तीच सर्वांत जास्त घरे अडकवते: "एकदा सुरू केलं की सोडता येत नाही." या एका वाक्यामुळे काही लोक यंत्राला हातच लावीत नाहीत, आणि ज्यांनी लावला ते त्यातून बाहेर पडण्याचा विचारही पाप समजतात. वस्तुतः डायलिसिस ही एकदा घडून गेलेली कृती नाही. प्रत्येक खेपेला माणूस घरून निघतो, वजन देतो, हात पुढे करतो. प्रत्येक खेप हा नवा आरंभ आहे. ही गोष्ट ज्यू धर्मशास्त्राच्या अभ्यासकांनी फार सूक्ष्मपणे ओळखली. इस्राएलने २००५ साली मरणोन्मुख रोग्यांविषयी जो कायदा केला त्यात अखंड चालणारा उपचार आणि खेपेखेपेने होणारा उपचार असा भेद केलेला आहे. श्वासयंत्र पहिल्या वर्गातले म्हणून ते बंद करण्याला अडथळा आहे, तर डायलिसिस दुसऱ्या वर्गातले, म्हणून पुढची खेप न करणे म्हणजे चालू असलेले काही तोडणे नव्हे. कोकणातून तिकडे गेलेल्या, घरात अजून मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल कुटुंबांतील वृद्धांना हाच कायदा लागू आहे.

आपल्याला याहून जवळचा आधार आपल्या घरातच आहे. आपल्याकडे व्रत घेताना संकल्प सोडतात, त्या संकल्पात मुदत सांगतात आणि मुदत पुरी झाली की उद्यापन करतात. सोळा सोमवार करणारी बाई सतराव्या सोमवारी उद्यापन करते म्हणून तिने व्रत टाकले असे कोणी म्हणत नाही. मुदतीच्या आत प्रकृती ढासळली तर त्यालाही शास्त्राने सवलती ठेवल्या आहेत, औषध घेतल्याने व्रतभंग होत नाही असे स्पष्ट सांगितले आहे. कारण व्रत माणसासाठी आहे, माणूस व्रतासाठी नाही. अनेक व्याधींनी ग्रासलेल्या रोग्याच्या बाबतीत डायलिसिसचा आरंभ असाच व्हावा, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे. सहा आठवडे म्हणा, तीन महिने म्हणा, मुदत आधी ठरावी. त्या मुदतीत काय साधावे हेही ठरावे, दम लागणे थांबावे, स्वतःच्या पायांनी अंगणापर्यंत जाता यावे, चार घास गोड लागावेत. आणि मुदत संपताच रोगी, घरचे आणि डॉक्टर यांनी एकत्र बसून पुढचा संकल्प सोडावा किंवा उद्यापन करावे. उद्यापनाच्या दिवशी रोग्याने 'पुरे' म्हटले तर ते अपयश म्हणून कोणाच्याही खाती जमा होऊ नये. पाश्चात्त्य मूत्रपिंडतज्ज्ञही आता मुदतबंद प्रयोगाची शिफारस करतात; पण त्यांच्या शिफारशीत प्रयोगाची भाषा आहे, आणि ज्या घरात वडील मरणाला टेकले आहेत त्या घराला ती परकी वाटते. संकल्पाची भाषा त्या घराला येते.

केवळ वय पाहून यंत्र नाकारावे असा अर्थ कोणी यातून काढू नये, म्हणून जयप्रकाश नारायण यांचे उदाहरण आठवणे अवश्य आहे. आणीबाणीतील स्थानबद्धतेतून १९७५ च्या नोव्हेंबरात त्यांना सोडण्यात आले आणि मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आणले तेव्हा त्यांची मूत्रपिंडे कायमची निकामी झाल्याचे आढळले. वय ७३, जोडीला मधुमेह आणि हृदयविकार. सिएटलच्या समितीपुढे त्यांचा कागद पहिल्या चाळणीतच बाद झाला असता. ते पुढे जवळजवळ चार वर्षे यंत्रावर जगले, आणि या चार वर्षांतच १९७७ ची निवडणूक झाली. मार्च महिन्यात राजघाटावर नव्या खासदारांना शपथ देण्यासाठी हा डायलिसिसवरचा माणूस हजर होता. ज्या विनोबांच्या चळवळीला त्यांनी १९५४ साली आपले जीवन दान केले होते, त्या विनोबांनी जयप्रकाशांच्या निधनानंतर तीन वर्षांनी औषधाचा थेंबही नाकारला. एकाने यंत्र घेतले, दुसऱ्याने औषधही घेतले नाही. यांतला अधिक धार्मिक कोण, हा प्रश्न मला निरर्थक वाटतो. दोघांनाही आपले उरलेले आयुष्य कशासाठी आहे हे ठाऊक होते, आणि त्या जाणिवेतून दोघांची उत्तरे निघाली. एकाचे काम राहिले होते, दुसऱ्याचे झाले होते.

सामान्य माणसाला आपले काय राहिले आहे हे सांगता येत नाही अशी समजूत आहे. ती खोटी आहे; त्याला कोणी विचारीत नाही, एवढेच. आमच्या आळीत प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई होत्या. मधुमेह, हृदयाची शस्त्रक्रिया झालेली, एका डोळ्याने दिसेनासे झालेले. मूत्रपिंडे बंद पडू लागली तेव्हा त्यांनी सुनेला निक्षून सांगितले, "मला मशीनवर नको गं. पिकलं पान, किती दिवस धरून ठेवणार?" घरच्यांना ते वैराग्य वाटले, आणि खरे सांगावयाचे तर ऐकणाऱ्या आम्हा सर्वांनाच ते पटण्यासारखे वाटले. डॉक्टर मात्र अनुभवी होते. त्यांनी मुलाला आणि सुनेला चहा घेऊन या म्हणून बाहेर पाठविले आणि बाईंना विचारले, "आजी, पैसे पडणार नाहीत, ने-आण करायला माणूस आहे, सुनेला रजा घ्यावी लागणार नाही, असं समजा. मग काय म्हणाल?" बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत, आणि मग म्हणाल्या, "मग बघू या की. नातीची दहावी होईस्तोवर." मुदत त्यांनी स्वतःच सांगितली. सरकारी योजनेतून उपचार झाला, शेजारची रिक्षा ठरली. परीक्षा झाली, निकाल लागला, बाईंनी पेढे वाटले. त्यानंतर पावसाळ्यात अर्धांगाचा झटका आला, आणि तेव्हा त्या "आता नको" म्हणाल्या, ते मात्र सुनेने, मुलाने आणि डॉक्टरांनी तिघांनीही मानले.

त्या पहिल्या 'नको'चा आणि दुसऱ्या 'नको'चा आवाज एकच होता. फरक कळला तो विचारल्यामुळे. आपल्या समाजात वृद्ध स्त्रीला, त्यातून विधवेला, आपल्यावर खर्च होऊ नये हीच शिकवण जन्मभर मिळालेली असते; तिचे वैराग्य पुष्कळदा काटकसर असते आणि तिची निरिच्छा पुष्कळदा संकोच असतो. उलट बाजूने, वडील जमीनजुमला बाळगून असतील तर त्यांना यंत्रावर ठेवण्याचा आग्रह कधी कधी प्रेमातून येतो आणि कधी वारसाच्या कागदांचा घोळ मिटला नाही म्हणूनही येतो. गरिबाला मोक्षाचा उपदेश करणे फार सोपे आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून डायलिसिसचा खर्च निघतो, २०१६ पासून केंद्र सरकारच्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाने जिल्हा रुग्णालयांत यंत्रे आणली, हे सर्व खरे. तरी आठवड्यातून तीनदा तालुक्याला जाण्या-येण्याचे भाडे आणि सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी कोणत्याही योजनेत बसत नाही. जोवर ती बसत नाही तोवर गरिबाच्या तोंडून निघालेला नकार हा तत्त्वज्ञानाचा विषय करू नये. त्याला आधी भाडे द्यावे आणि मग पुन्हा विचारावे.

आणि ज्याने खरोखरच, जाणीवपूर्वक, नको म्हटले त्याचे काय? माझ्या मते सर्वांत मोठा अधर्म येथे घडतो. यंत्र नाकारले की रुग्णालयाच्या दफ्तरी रोग्याचे नाव जणू कमी होते. "मग घरी घेऊन जा," असे सांगण्यात येते, आणि त्या वाक्यापुढे काही नसते. खाज इतकी सुटते की माणूस रात्रभर कातडी ओरबाडतो. मळमळ, पाय अस्वस्थ होणे, फुप्फुसांत पाणी भरून दम लागणे, या प्रत्येकावर उपाय आहेत, आणि ते महागही नाहीत. पण मूत्रपिंड बंद असलेल्या माणसाला मॉर्फीन सरधोपट देऊन चालत नाही, कारण त्याचे अंश शरीरात साचतात, त्याऐवजी दुसरी औषधे निवडावी लागतात, आणि हे जाणणारा माणूस गावाकडे मिळत नाही. मुंबईत वांद्र्याला १९८६ साली शांती आवेदना सदन उभे राहिले, पुढे पुण्यातही असे काम सुरू झाले. परंतु या संस्था प्रामुख्याने कर्करोग्यांसाठी उभ्या राहिल्या. मूत्रपिंडाने मरणाऱ्या माणसाला कर्करोगाने मरणाऱ्या माणसाइतकीही सोबत आपण देऊ केलेली नाही. जो डायलिसिस थांबवितो आणि ज्याला मूत्र होतच नाही, त्याचा शेवट बहुधा आठवडा-दहा दिवसांत होतो; विष चढत जाते तशी झोप चढत जाते, आणि पाणी व औषधे नीट सांभाळली तर हा मृत्यू अनेक मृत्यूंहून सौम्य असतो. हे कुटुंबाला आधी सांगितलेले असले पाहिजे. न सांगितल्यामुळे पहिल्याच रात्री घाबरून रुग्णवाहिका बोलावली जाते आणि जो संकल्प विचारपूर्वक सोडला होता तो अतिदक्षता विभागाच्या दारात मोडतो.

कायद्याची वाट आता पूर्वीइतकी अडचणीची राहिलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी सन्मानाने मरण्याचा अधिकार हा जीविताच्या अधिकारातच अंतर्भूत असल्याचे ठरविले आणि माणसाने शुद्धीवर असतानाच आपल्या उपचारांविषयी इच्छापत्र करून ठेवावे याला मान्यता दिली. २४ जानेवारी २०२३ रोजी त्याची पद्धत सोपी करून दंडाधिकाऱ्याऐवजी नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर, दोन साक्षीदारांच्या सहीने ते करता येईल असे सांगितले. जो रोगी बोलू शकतो आणि ज्याची बुद्धी शाबूत आहे त्याला नकार देण्यासाठी अशा दस्तऐवजाचीही गरज नाही. तो दस्तऐवज आहे वाचा गेल्यानंतरच्या दिवसांसाठी. ज्यांची मूत्रपिंडे हळूहळू उतरत चालली आहेत त्यांना ही वाचा पुढे मागे जाणार हे वर्ष-दोन वर्षे आधीच कळत असते, इतकी सवड फार थोडे रोग देतात. त्या सवडीत मृत्युपत्रासाठी वकिलाकडे जाणारा माणूस या दुसऱ्या कागदासाठीही जाऊ शकतो. त्यात फार लिहावयाचे नसते: यंत्र घ्यावयाचे झाल्यास किती मुदतीसाठी घ्यावे, कोणती अवस्था आली असता, उदाहरणार्थ घरची माणसे ओळखू येईनाशी झाली असता, पुढची खेप करू नये, आपल्या वतीने बोलण्याचा अखत्यार मुलांपैकी नेमका कोणाला, आणि त्या दिवसानंतर खाज, दम आणि वेदना यांवरील औषधे मात्र एकही बंद करू नये. या कागदाची एक प्रत डायलिसिसच्या फाइलीत लावावी, आणि वडिलांनी तो सर्व मुलांना एकदम, एका ठिकाणी बसवून, स्वतः वाचून दाखवावा. मुंबईच्या मुलाला एक आणि गावच्या मुलाला दुसरे ऐकू आले असे होऊ देऊ नये.